कंडूसंवेदना आणि ‘खाजेचे प्रथिन’ : एक परामर्श

१

खाज ही सर्वांच्या परिचयाची संवेदना आहे. परंतु शास्त्रीय विचारात तिला स्वतंत्र स्थान फार उशिरा मिळाले. १६६० साली साम्युएल हाफेनरेफर या जर्मन वैद्याने, खाजविण्याची इच्छा उत्पन्न करणारी अप्रिय संवेदना, अशी तिची व्याख्या केली. आणि आजही बहुतेक वैद्यकीय ग्रंथांत हीच व्याख्या थोड्याफार फरकाने दिलेली आढळते. या व्याख्येचे वैशिष्ट्य असे की, खाज ही काय वस्तू आहे याविषयी ती मौन पाळते व खाज काय करावयास लावते एवढेच सांगते. ही उणीव वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु गेल्या काही दशकांतील कंडूविषयक संशोधनाचे परीक्षण करू लागले की, तीच उणीव प्रयोगशाळेतील अनुमानांतही उतरली आहे, असे दिसून येते.

या संशोधनाचा मुख्य भर ज्ञानतंतूंतील प्रथिनांवर आहे. त्वचेतील ज्ञानतंतूंच्या अग्रांवर निरनिराळी द्रव्ये ओळखणारी प्रथिने असतात; त्यांना ग्राही म्हणतात. काही ग्राही स्वतःच विद्युद्भारित कणांना पेशीत वाट करून देतात, त्यांस आयन-मार्ग म्हणावयाचे; इतर काही ग्राही पेशीच्या आत रासायनिक संदेशांची साखळी सुरू करून देतात. तंतूच्या दुसऱ्या टोकाशी, म्हणजे मेरुरज्जूत, पेप्टाइडे नावाचे लहान प्रथिनखंड स्रवतात आणि पुढील चेतापेशीस निरोप पोचवितात. २००७ सालापासून यांपैकी एकामागून एक प्रथिनास खाजेचा ग्राही, खाजेचा संदेशवाहक, खाजेचे जनुकजन्य मूळ अशा पदव्या मिळत गेल्या. वृत्तपत्रांनी त्यांचे ‘खाजेचे प्रथिन’ असे सुटसुटीत नामकरण केले असेल तर ते समजण्यासारखे आहे. परंतु मूळ निबंधांच्या शीर्षकांतही हीच भाषा येऊ लागल्यावर तिचा अर्थ तपासणे अगत्याचे ठरते.

‘खाजेचे प्रथिन’ या शब्दप्रयोगातील सारा घोटाळा त्यातील षष्ठी विभक्तीत आहे. षष्ठी संबंध दाखविते. तो संबंध कोणता हे सांगत नाही. मातीचा घट, घटाचे पाणी आणि पाण्याची तहान या तिन्ही ठिकाणी विभक्ती एकच असली तरी संबंध तीन प्रकारचे आहेत. तद्वतच एखादे प्रथिन खाजेचे कारण आहे, तिचे चिन्ह आहे, की तिच्या वाटेवरील केवळ एक टप्पा आहे, हे षष्ठीने कळत नाही. प्रस्तुत परामर्शाचा हेतू प्रयोगांच्या यशाविषयी शंका घेण्याचा नाही. प्रयोग बहुतांशी काटेकोर आहेत. त्यांवरून जे सिद्ध झाले आणि जे सिद्ध झाल्यासारखे बोलले जाते, त्या दोहोंमधील अंतर दाखविणे एवढाच तो हेतू आहे.

२

या वादाची पूर्वपीठिका थोडक्यात अशी. माक्स फोन फ्रे याने १९२२ साली खाज ही वेदनेचीच मंद अवस्था होय असे मत मांडले. वेदनेचे तंतू जोराने उद्दीपित झाले तर वेदना, हळुवारपणे झाले तर खाज, असा त्याचा आशय. मेरुरज्जूतील ज्या मार्गाच्या छेदाने वेदना जाते त्याच्याच छेदाने खाजही जाते, या शल्यचिकित्सकांच्या अनुभवाने या मताला बळ मिळाले. परंतु त्याविरुद्ध दोन गोष्टी होत्या. मंद विद्युत्-उद्दीपनाने उत्पन्न झालेली खाज उद्दीपनाची वारंवारता वाढविली असता अधिक तीव्र होते, तिची वेदना होत नाही. शिवाय मॉर्फिनने वेदना शमते, पण त्याच मॉर्फिनने खाज सुटते. विशेषतः ते मेरुरज्जूभोवती दिले असता हा अनुभव वारंवार येतो. एकाच संवेदनेच्या दोन मात्रा असत्या तर एकच औषध एकीला दाबून दुसरीला उठविते, हे घडले नसते.

१९९७ साली श्मेल्ट्स, हांटवेर्कर, ट्योरेब्योर्क व त्यांचे सहकारी यांनी माणसाच्या पायातील ज्ञानतंतूत सूक्ष्म विद्युदग्र घालून काही अतिसूक्ष्म तंतूंची नोंद घेतली. हे तंतू दाबाला वा टोचण्याला प्रतिसाद देत नव्हते. त्यांतील संदेशाचा वेग सेकंदास सुमारे अर्धा मीटर, म्हणजे फारच कमी होता. मात्र त्वचेवर हिस्टामिन दिल्यावर ते दीर्घकाळ उद्दीपित राहत, आणि त्यांच्या उद्दीपनाचा कालक्रम त्या माणसाने सांगितलेल्या खाजेच्या कालक्रमाशी जुळत होता. खाजेला स्वतःची वाट आहे या मताचा हा पहिला भक्कम पुरावा होय. २००१ साली ॲन्ड्र्यू व क्रेग यांनी मांजराच्या मेरुरज्जूत हिस्टामिनला प्रतिसाद देणाऱ्या निराळ्या पेशी दाखवून ही वाट पुढेही असल्याचे दर्शविले.

येथे श्मेल्ट्स यांच्या गटाचा २००३ सालचा निबंध आवर्जून उल्लेखिला पाहिजे. हिस्टामिनला प्रतिसाद देणारे हेच तंतू मिरचीतील दाहक द्रव्य जे कॅप्सेसीन त्याने, तसेच वेदना उत्पन्न करणाऱ्या अन्य द्रव्यांनीही उद्दीपित होतात, असे त्यांना आढळले आणि त्यांनी ते तसेच नोंदविले. म्हणजे हे तंतू खाजेच्या द्रव्याची निवड करतात, पण ते केवळ खाजेच्या द्रव्यापुरते मर्यादित नाहीत. विशिष्टता आणि अनन्यता यांतील हा भेद पुढील काळात पुष्कळदा विसरला गेला.

हिस्टामिन हेच खाजेचे सर्वस्व नव्हे, हे दाखविण्याचे श्रेय एका वनस्पतीकडे जाते. कोकणात व सह्याद्रीच्या उतारावर वाढणारी खाजकुइली मराठी वाचकास सुपरिचित आहे. संस्कृतात तीच कपिकच्छू होय. तिच्या शेंगांवरील कुसे अंगास लागली असता अनावर खाज सुटते. १९५५ साली शेली व आर्थर यांनी या कुसांतील कार्यकारी द्रव्य प्रथिनविघटक विकर असल्याचे दाखविले व त्यास म्युक्युनेन असे नाव दिले. २००७ साली माणसांवरील प्रयोगांत, या कुसांची खाज हिस्टामिनविरोधी औषधाने शमत नाही, असे सिद्ध झाले. २००८ साली हे विकर पीएआर-२ व पीएआर-४ या ग्राहींना उद्दीपित करते, असे दिसून आले. आणि त्याच वर्षी खाजकुइलीने उद्दीपित होणारे तंतू हिस्टामिनने उद्दीपित होणाऱ्या तंतूंहून निराळे आहेत, हेही कळले. एकाच नावाच्या संवेदनेला निदान दोन वाटा आहेत, हे येथेच निश्चित झाले. ‘खाजेचे प्रथिन’ हे एकवचन तेव्हापासूनच अडचणीत आले होते.

३

कार्यकारणसंबंध ठरविण्याच्या ज्या दोन कसोट्या भारतीय तर्कशास्त्राने सांगितल्या त्या अन्वय आणि व्यतिरेक. एक असता दुसरे असते हा अन्वय. एक नसता दुसरे नसते हा व्यतिरेक. प्रथिनांविषयीचा बहुतेक पुरावा व्यतिरेकाच्या जातीचा आहे : उंदरातील एखादे जनुक काढून टाकावयाचे आणि खाजविणे थांबते की काय ते पाहावयाचे.

२००७ साली सन व चेन यांनी मेरुरज्जूतील जीआरपी या पेप्टाइडाचा ग्राही नसलेले उंदीर कमी खाजवितात, पण वेदनेला पूर्ववत् प्रतिसाद देतात, असे दाखविले. २००९ साली त्यांच्याच गटाने हा ग्राही धारण करणाऱ्या पेशीच विषद्रव्याने नष्ट केल्या. तेव्हा निरनिराळ्या द्रव्यांनी येणारी खाज जवळजवळ नाहीशी झाली आणि वेदना तशीच राहिली. त्याच वर्षी डाँग यांच्या गटाने ज्ञानपेशींतच आढळणाऱ्या एमआरजीपीआर या ग्राहीकुळातील अनेक जनुकांचा एक समूह उंदरातून काढून टाकला. क्लोरोक्वीन या हिवतापावरील औषधाने काही रुग्णांना, विशेषतः आफ्रिकी लोकांत, तीव्र खाज सुटते. या उंदरांना क्लोरोक्वीन दिले असता खाजविणे पुष्कळ कमी झाले. उंदरातील एमआरजीपीआर-ए३ आणि माणसातील एमआरजीपीआर-एक्स१ हे क्लोरोक्वीन ओळखणारे ग्राही होत, असे निष्पन्न झाले. २०११ साली या साखळीच्या शेवटी टीआरपीए-१ हा आयन-मार्ग आवश्यक असतो, असे विल्सन व बॉटिस्टा यांच्या गटाने दाखविले. हिस्टामिनच्या साखळीत तेच स्थान टीआरपीव्ही-१ या आयन-मार्गास असल्याचे त्यापूर्वीच सुचविले गेले होते.

आता ही प्रथिने लक्षण म्हणून तपासून पाहावीत. लक्षणाचे दोन मुख्य दोष सांगितले आहेत : ज्यास लागू व्हावयास हवे त्यास लागू न होणे ही अव्याप्ती, आणि ज्यास लागू होऊ नये त्यास लागू होणे ही अतिव्याप्ती. क्लोरोक्वीनची खाज गमावलेल्या उंदरांत हिस्टामिनची खाज शाबूत होती. तेव्हा एमआरजीपीआर-ए३ हे खाजेचे लक्षण मानले तर अव्याप्ती होते. तो एका द्रव्याचा ग्राही आहे, एवढेच खरे ठरते. उलट, टीआरपीव्ही-१ हा उष्णतेने सुमारे ४३ अंश सेल्सियसला आणि कॅप्सेसीनने उघडणारा मार्ग आहे; १९९७ साली तो वेदनेचे द्वार म्हणूनच प्रसिद्धीस आला आणि त्याच्या शोधाबद्दल डेव्हिड जूलियस यांना २०२१ साली नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. टीआरपीए-१ हा मोहरीच्या झणझणीत तेलाने उघडतो. या दोहोंस खाजेची प्रथिने म्हटले तर अतिव्याप्ती उघड आहे.

मनुष्यजातीतील अनुवंशाचा पुरावाही याच दिशेने जातो. एनएव्ही-१.७ हा सोडियमचा आयन-मार्ग नष्ट करणारी उत्परिवर्तने असलेल्या माणसांना जन्मतः वेदना जाणवत नाही, हे २००६ साली सिद्ध झाले. या मार्गाची क्रिया वाढविणारी उत्परिवर्तने सामान्यतः तीव्र वेदना उत्पन्न करतात. तथापि २०१४ साली अशाच एका उत्परिवर्तनाने पछाडलेल्या कुटुंबाचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यात मुख्य तक्रार वेदनेची नसून झटक्याझटक्याने येणाऱ्या खाजेची होती. प्रथिन तेच, त्यातील बिघाडाची दिशाही तीच, आणि अनुभव मात्र निराळा. यावरून संवेदनेचा प्रकार प्रथिनाच्या ठिकाणी राहत नाही, तो अन्यत्र कोठेतरी ठरतो, असे अनुमान केल्यावाचून गत्यंतर नाही.

४

तो अन्यत्र कोठे ठरतो, या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उत्तर २०१३ साली हान, डाँग व सहकारी यांच्या प्रयोगाने दिले. हा प्रयोग अन्वयाच्या जातीचा आहे आणि म्हणूनच त्याचे मोल अधिक. त्यांनी प्रथम एमआरजीपीआर-ए३ धारण करणाऱ्या पेशींचा मागोवा घेतला. या पेशींचे तंतू त्वचेच्या बाह्यस्तरातच पोचतात, आतील इंद्रियांत जात नाहीत. पोटात दुखते पण पोटात खाज सुटत नाही, या नित्याच्या अनुभवाशी ही रचना जुळणारी आहे. या पेशी नष्ट केल्या असता खाज कमी झाली, वेदना कायम राहिली. परंतु याच पेशी कॅप्सेसीनला व दाहक उष्णतेलाही प्रतिसाद देत होत्या. म्हणजे व्यतिरेकाने त्या खाजेच्या ठरत होत्या, तर प्रतिसादावरून मिश्र ठरत होत्या.

हा पेच सोडविण्यासाठी संशोधकांनी असे उंदीर सिद्ध केले की, त्यांच्या सर्व शरीरातून टीआरपीव्ही-१ काढून टाकले होते आणि केवळ एमआरजीपीआर-ए३ असलेल्या पेशींतच ते परत घातले होते. अशा उंदरांना कॅप्सेसीन टोचले असता काय व्हावे? संवेदना प्रथिनात असेल तर वेदना व्हावी. कारण टीआरपीव्ही-१ हे वेदनेचे प्रथिन म्हणून प्रसिद्ध आहे. संवेदना पेशीत असेल तर खाज सुटावी. प्रत्यक्षात उंदरांनी खाजविण्याची हालचाल केली. वेदनेची हालचाल केली नाही. मिरचीचे द्रव्य खाजेचे द्रव्य बनले.

या प्रयोगाचा उल्लेख बहुधा खाजेच्या स्वतंत्र पेशी सिद्ध झाल्या, अशा शब्दांत केला जातो. तो निष्कर्ष बरोबर आहे; पण त्याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची असून तिच्याकडे कमी लक्ष गेले आहे. द्रव्य कोणते आणि ग्राही कोणता, यावर संवेदनेचा प्रकार अवलंबून नाही, हे याच प्रयोगाने दाखविले. दरवाजावर कोणी थाप मारली यापेक्षा दरवाजा कोणत्या घराचा आहे, हेच येथे निर्णायक ठरते. प्रथिनाला ‘खाजेचे’ म्हणण्याचा अधिकार ज्या प्रयोगाने काढून घेतला, त्याचाच आधार पुढे त्या प्रकारच्या नामकरणास दिला गेला, हे आश्चर्यकारक आहे.

परंतु पेशीला खाजेची म्हणून प्रश्न संपतो काय? येथेही सावधगिरी हवी. सर्वसाधारण उंदरात कॅप्सेसीन या पेशींना उद्दीपित करते, तरीही त्याला वेदनाच होते. कारण त्याच वेळी वेदनेच्या पुष्कळ पेशीही जागृत होतात आणि त्यांच्या कोलाहलात खाजेचा आवाज दबतो. हे दबणे केवळ उपमेपुरते नाही. २०१० साली दोन गटांनी वेदनेच्या पेशींतून ग्लुटामेट स्रवण्याची क्रिया बंद पाडली. तेव्हा उंदरांना वेदना कमी होऊ लागली आणि ते आपोआप, त्वचेला जखमा होईपर्यंत खाजवू लागले. त्याच वर्षी मेरुरज्जूतील एका जातीच्या निरोधक पेशींच्या अभावीही असेच घडते, असे रॉस व सहकारी यांनी दाखविले. खाजविल्याने खाज शमते या रोजच्या अनुभवाचे शारीर रूप २००९ साली वानरवर्गीय प्राण्यांच्या मेरुरज्जूत नोंदले गेले : हिस्टामिनने उद्दीपित झालेल्या पेशी खाजविताच शांत होतात, कॅप्सेसीनने उद्दीपित झालेल्या होत नाहीत.

माणसांवरील एक प्रयोग तर या संदर्भात विशेष बोलका आहे. २००९ साली लामोट यांच्या गटाने खाजकुइलीची कुसे उष्णतेने निष्क्रिय केली, म्हणजे त्यांतील विकर मारले, आणि त्यांच्या टोकांवर कॅप्सेसीन लावून ती त्वचेत खुपसली. सुईने भरपूर टोचले असता जे कॅप्सेसीन आग करते, त्याच कॅप्सेसीनने कुसाच्या टोकावरून खाज सुटली. द्रव्य तेच, ग्राही तेच. फरक एवढाच की, त्वचेच्या बाह्यस्तरातील एका बिंदूवरचे मोजके तंतू उद्दीपित झाले आणि आजूबाजूचे स्वस्थ राहिले.

यापुढे एक पाऊल २०२० साली सेगेला यांच्या गटाने टाकले. एकाच जातीच्या, म्हणजे एमआरजीपीआर कुळातील ग्राही धारण करणाऱ्या पेशी त्यांनी दोन रीतींनी उद्दीपित केल्या. पेशीच्या आतील रासायनिक साखळीद्वारा, संथ रीतीने उद्दीपित केल्यावर उंदीर खाजवू लागले. आयन-मार्गाद्वारा जलद रीतीने उद्दीपित केल्यावर वेदनेची लक्षणे दिसली. हा निष्कर्ष सर्वसाधारण ठरला तर पेशीलादेखील ‘खाजेची’ हे विशेषण निरपेक्षपणे लावता येणार नाही. ती पेशी कोणत्या लयीत बोलते हेही पाहावे लागेल.

५

प्रथिनाला एकदा पदवी दिली की ती परत घेणे किती अवघड होते, याचे उदाहरण एनपीपीबी या पेप्टाइडाच्या इतिहासात सापडते. हे पेप्टाइड मुळात हृदयविकारतज्ज्ञांच्या परिचयाचे. १९८८ साली ते डुकराच्या मेंदूत सापडले, पण त्याचे मुख्य उगमस्थान हृदयाचे कप्पे असून मूत्रावाटे क्षार व पाणी बाहेर टाकण्याच्या कार्याशी त्याचा संबंध आहे; हृदयाच्या दुर्बलतेच्या निदानासाठी रक्तातील त्याचे प्रमाण मोजतात. २०१३ साली मिश्रा व हून यांनी दाखविले की, काही ज्ञानपेशी हेच पेप्टाइड मेरुरज्जूत स्रवतात. त्याच्या अभावी उंदरांचे खाजविणे जवळजवळ थांबते, वेदना मात्र अबाधित राहते. आणि जीआरपीचे कार्य त्याच्या पुढच्या पायरीवर होते. मांडणी नेटकी होती : त्वचा, एनपीपीबी, जीआरपी, खाज.

दुसऱ्याच वर्षी चेन यांच्या गटाने या मांडणीच्या दोन्ही अंगांवर आक्षेप घेतला. हे पेप्टाइड केवळ खाजेपुरते मर्यादित नाही आणि ते जीआरपीच्या आधीच्या पायरीवरही कार्य करीत नाही, असे त्यांचे म्हणणे. दरम्यान चेन यांच्याच आधीच्या प्रतिपादनातील एक दुवाही वादात सापडला. जीआरपी हे ज्ञानपेशींतून येते की मेरुरज्जूतील पेशींतच तयार होते, हा तो प्रश्न. २०१५ साली बासबॉम यांच्या सहकाऱ्यांनी, ज्ञानपेशींत जीआरपी दाखविण्यासाठी वापरलेले प्रतिपिंड दुसऱ्या पेप्टाइडालाही चिकटते, असा आक्षेप मांडला. चेन यांच्या गटाने २०२० साली त्यास सविस्तर उत्तर दिले.

या वादात कोणाचा पक्ष सरस, हा येथे मुख्य मुद्दा नाही. मुद्दा असा की, दोन्ही पक्षांचा आग्रह एकाच गृहीतकावर उभा होता : खाजेचा निरोप नेणारे एक अधिकृत पेप्टाइड असलेच पाहिजे, आणि प्रश्न केवळ ते कोणते एवढाच. २०१५ साली उसोस्किन व सहकारी यांनी उंदराच्या एकेका ज्ञानपेशीतील जनुकांची कार्ये मोजली, तेव्हा खाजेशी संबंध असणारे निदान दोन पेशीवर्ग पुढे आले. एकाचे चिन्ह एमआरजीपीआर-ए३ आणि दुसऱ्याचे एनपीपीबी. येथे ‘चिन्ह’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पेशीवर्ग ओळखण्यास ही प्रथिने उत्तम. धुरावरून अग्नी ओळखावा तशी. परंतु धूर हे अग्नीचे कारण नव्हे, आणि अग्नीचे सारे कार्य धुराने होत नाही. एकाच पेशीत ग्लुटामेटही असते आणि अनेक पेप्टाइडेही असतात. त्यांपैकी एकाला निरोप म्हणावयाचे व बाकीच्यांना सामान समजावयाचे, यास पुरावा हवा.

६

वरील सर्व प्रयोगांत खाज म्हणून जे मोजले गेले ते खाजविणे होय. हाफेनरेफरच्या व्याख्येतील उणीव येथे पुन्हा पुढे येते. उंदराच्या मानेच्या मागील भागात द्रव्य टोचून तो मागच्या पायाने किती वेळा खाजवितो ते मोजण्याची पद्धत फार दिवस रूढ होती. परंतु त्या जागी कॅप्सेसीन टोचले तरी उंदीर मागचाच पाय वापरतो. मानेमागे त्याला दुसरा उपाय नाही. २००८ साली शिमादा व लामोट यांनी गालाची जागा निवडली. गालावर खाजेचे द्रव्य दिल्यास उंदीर मागच्या पायाने खाजवितो, वेदनेचे दिल्यास पुढच्या पंजाने गाल पुसतो. इतक्या साध्या बदलाने पूर्वीच्या अनेक निष्कर्षांचा फेरविचार करणे शक्य झाले. हान यांचा वर वर्णिलेला प्रयोगही याच कसोटीवर उभा आहे. पद्धतीतील सुधारणा कधीकधी नव्या प्रथिनाच्या शोधापेक्षा अधिक फलदायी ठरते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

तरीही गाल खाजविणारा उंदीर आपणास काय वाटते ते सांगत नाही. माणूस सांगतो, आणि तो जे सांगतो ते बहुधा मिश्र असते. खाजकुइलीच्या कुसांनी खाजेबरोबर टोचल्यासारखे व जळजळल्यासारखेही वाटते. उंदराच्या मोजणीत अशा मिश्र अनुभवास जागा नाही. शिवाय उंदीर व माणूस यांच्या प्रथिनांतही भेद आहे. एमआरजीपीआर कुळाचा विस्तार उंदरात निराळ्या शाखांनी झाला आहे. माणसातील एक्स-गटाच्या ४ ग्राहींना उंदरात नेमके प्रतिरूप नाही. एकाच द्रव्याला ओळखणारे दोन ग्राही दोन प्राण्यांत आढळले म्हणजे त्यांचे सारे कार्य एकच, असे ठरत नाही.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. सहा आठवड्यांहून अधिक काळ टिकणारी जुनाट खाज झोप हिरावून घेते. मूत्रपिंडाचे विकार, यकृताचे विकार, त्वचेचा जुनाट दाह अशा अनेक व्याधींत ती असते, आणि त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी हिस्टामिनविरोधी औषधे निरुपयोगी ठरतात. अशा रुग्णांसाठी कोणत्या प्रथिनावर औषध शोधावयाचे, हे वरील भाषेवर काही अंशी अवलंबून असते. सर्लोपिटंट हे एनके-१ ग्राही अडविणारे औषध आधीच्या लहान चाचण्यांत आशादायक वाटले, पण २०२० साली तिसऱ्या टप्प्यातील चाचण्यांत ते प्रभावी ठरले नाही. त्याच ग्राहीवरील औषधे पूर्वी वेदनेच्या बाबतीतही प्राण्यांत यशस्वी व माणसांत अयशस्वी ठरली होती. एनपीपीबीच्या ग्राहीस अडविण्याचा विचार करताना हृदय व रक्तदाब यांचा विचार सोडून चालणार नाही, हे उघडच आहे.

याउलट जी औषधे उपयोगी पडली त्यांचा विचार करावा. त्वचेच्या जुनाट दाहावर २०१७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले ड्युपिलुमॅब हे रोगप्रतिकारक यंत्रणेतील आयएल-४ च्या ग्राहीस अडविते. हाच ग्राही ज्ञानपेशींवरही असून जुनाट खाजेत त्याचा सहभाग आहे, असे त्याच वर्षी दाखविण्यात आले. रक्तशुद्धीवर जगणाऱ्या मूत्रपिंडरुग्णांच्या खाजेसाठी २०२१ साली मान्य झालेले डायफेलिकेफालिन हे अफूवर्गीय द्रव्यांच्या एका ग्राहीवर कार्य करते. यांपैकी कोणासही खाजेचे प्रथिन म्हणता येणार नाही.

या विवेचनास सर्वांत बळकट प्रत्युत्तर आयएल-३१ हे होय, आणि ते टाळणे योग्य नव्हे. प्रतिकारपेशींतून येणाऱ्या या प्रथिनाचा ग्राही ज्ञानपेशींवर असतो. तो ग्राही अडविणाऱ्या नेमोलिझुमॅब या औषधास २०२४ साली अमेरिकेत प्रथम गाठींच्या कंडूविकारावर व नंतर त्वचेच्या जुनाट दाहावर मान्यता मिळाली. एक प्रथिन अडविले आणि खाज शमली. मग आक्षेप कोठे राहिला? उत्तर असे की, हे यश त्या त्या रोगातील खाज उठविणाऱ्या कारणावर मिळालेले आहे. त्या रोगांत आयएल-३१ हे थाप मारणारे आहे, घर नव्हे. म्हणूनच या यशावरून मूत्रपिंडाच्या, यकृताच्या वा खाजकुइलीच्या खाजेविषयी काही ठरत नाही. एकेका रोगातील कारण शोधावयाचे असेल तेथे प्रथिनांचा मागोवा घेणे हीच योग्य वाट आहे. संवेदना म्हणजे काय याचे उत्तर त्याच वाटेने मिळेल, ही अपेक्षा मात्र अस्थानी आहे.

७

सारांश, कंडूसंवेदनेच्या अभ्यासात तीन निरनिराळे प्रश्न एकमेकांत मिसळले गेले आहेत. कोणते द्रव्य कोणता ग्राही ओळखतो, हा पहिला. याचे उत्तर प्रथिनांच्या अभ्यासाने मिळते आणि अनेक बाबतींत मिळाले आहे. त्या ग्राहीची पेशी मेरुरज्जूत कोणाशी जोडलेली आहे, ती कोणत्या लयीत बोलते आणि तिच्या शेजारी त्या क्षणी कोण जागे आहे, हा दुसरा. याचे उत्तर अर्धेमुर्धे मिळाले आहे. त्या साऱ्यातून माणसाला खाज कशी जाणवते, हा तिसरा; आणि उंदराचा मागचा पाय त्याचे उत्तर देऊ शकत नाही.

या क्षेत्रातील निबंध वाचताना विद्यार्थ्याने प्रत्येक विधानास एकच प्रश्न विचारावा : हे विधान तिन्हींपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिसऱ्याचे म्हणून पुढे केलेले दिसले, तर तेथे थांबणे आवश्यक आहे. क्लोरोक्वीनचा ग्राही, हिस्टामिनच्या साखळीतील आयन-मार्ग, पेशीवर्गाचे चिन्ह अशी नावे ‘खाजेचे प्रथिन’ या नावाइतकी आकर्षक नाहीत. परंतु ती नेमकी आहेत. २०१३ सालच्या प्रयोगातील उंदराने मिरचीच्या द्रव्याने गाल खाजवून जी गोष्ट दाखवून दिली, ती नामकरणातही पाळली जावी, एवढीच अपेक्षा आहे.